एका चौरस मीटरची कुळकथा

बी.एस्सी.च्या वनस्पतिशास्त्राच्या प्रात्यक्षिकांत, पावसाळा सरता सरता, एक तास माळावरचा असतो. विद्यार्थी चार खिळे, सुतळी आणि मीटरपट्टी घेऊन बाहेर पडतात, एक मीटर बाजूचा चौरस आखतात, आतली झाडे जातवार मोजतात, तक्ता भरतात आणि पुढच्या जागी सरकतात. काही कॉलेजांत लोखंडी सळीची तयार चौकटच असते. हिला क्वाड्रॅट म्हणतात. तक्त्यावरून घनता, वारंवारिता आणि विपुलता काढायची, जर्नलात उतरवायची, सही घ्यायची आणि परीक्षेत गुण मिळवायचे, एवढ्यावर बहुतेकांचा या वस्तूशी संबंध संपतो.

वस्तू इतकी साधी, की हिला काही इतिहास असेल असे वाटत नाही. पण हिच्या वंशावळीत एका इंग्रज ड्यूकचा माळी आहे, चार्ल्स डार्विन आहे, पुढे अमेरिकेतला थोर कायदेपंडित ठरलेला एक तरुण आहे आणि सातारा जिल्ह्यात जन्मलेला एक संख्याशास्त्रज्ञही आहे. परिसरविज्ञानाच्या पुस्तकात पहिल्याच प्रकरणात भेटणारे नमुना, गृहीतक, नियंत्रण, पुनरावृत्ती हे शब्द कोरडे वाटतात. त्यांतला प्रत्येक शब्द कोणाच्या तरी चुकीतून किंवा वादातून आलेला आहे, आणि त्यांतले बरेच वाद या चौकटीभोवतीच झाले.

माळी, डार्विन आणि कुरण

जमिनीचे सारखे तुकडे आखून त्यांची एकमेकांशी तुलना करण्याचा एक मोठा जुना प्रयोग इंग्लंडमध्ये वोबर्न ॲबी येथे झाला. बेडफर्डच्या ड्यूकचा मुख्य माळी जॉर्ज सिंक्लेअर याने तिथे २४२ वाफे केले. प्रत्येक वाफा २ फूट बाजूचा. कुठे एकाच जातीचे गवत, कुठे मिश्रण, कुठे वेगळी माती. प्रश्न शेतकऱ्याचा होता: गुरांना चारा जास्त कशातून मिळेल? सिंक्लेअरचे पुस्तक १८१६ साली निघाले. एकच गवत पेरलेल्या तुकड्यापेक्षा अनेक प्रकारची गवते पेरलेल्या तुकड्यातून अधिक चारा निघतो, हे प्रयोगाने सिद्ध झाले आहे असे डार्विनने पुढे लिहिले, पण प्रयोग कोणाचा ते सांगितले नाही. तो धागा वोबर्नच्या वाफ्यांपर्यंत जातो हे दोन परिसरशास्त्रज्ञांनी २००२ साली दाखवून दिले.

डार्विनने स्वतःही जमीन आखली. १८५७ साली आपल्या घराच्या आवारात ३ फूट लांब आणि २ फूट रुंद असा तुकडा त्याने खणून साफ केला आणि उगवणाऱ्या प्रत्येक तणावर खूण केली. एकूण ३५७ रोपे उगवली. त्यांतली २९५ मेली, बहुतेक गोगलगायी आणि किड्यांच्या तोंडी पडून. जीवनसंघर्ष ही मोठी कल्पना. तिचा पुरावा सहा चौरस फुटांत मावला.

सरे परगण्यात फार्नहॅमजवळच्या माळरानावर त्याला आणखी एक गोष्ट दिसली. दूरच्या टेकड्यांवर पाइनचे जुने झुपके होते, माळावर मात्र पाइनचे नाव नव्हते. माळाचा काही भाग कुंपण घालून बंद केला होता, तिथे पाइनची गर्दी झाली होती. डार्विनने उघड्या माळावर वाकून पाहिले, तेव्हा गुरांनी खुडून खुडून खुरटलेली रोपे दिसली. एका चौरस यार्डात त्याने ३२ रोपे मोजली आणि त्यांतल्या एकाला वाढीची २६ कडी होती. सव्वीस वर्षे ते रोपटे डोके वर काढायला धडपडत होते आणि गुरे ते खात होती. माती एक, हवा एक, फरक फक्त कुंपणाचा. नियंत्रण म्हणजे काय हे शिकवायला याहून चांगले उदाहरण मिळणे अवघड आहे. ज्या घटकाचा परिणाम तपासायचा तो एका बाजूला आहे, दुसऱ्या बाजूला नाही, आणि बाकी सगळे शक्य तितके सारखे.

याच सुमारास, १८५६ साली, लंडनच्या उत्तरेला रॉथॅमस्टेड येथे जॉन लॉज आणि जोसेफ गिल्बर्ट यांनी एका जुन्या कुरणाचे पट्टे पाडले. वेगवेगळ्या पट्ट्यांना वेगवेगळी खते आणि काहींना काहीच नाही. हेतू चाऱ्याचे उत्पादन वाढवण्याचा होता. पण काही वर्षांतच पट्ट्यांवर उगवणाऱ्या वनस्पतीच बदलू लागल्या. नत्राची खते भरपूर मिळालेल्या पट्ट्यांवर गवत दाट आले आणि जाती घटत गेल्या. अमोनियम सल्फेटने आम्ल झालेल्या काही पट्ट्यांवर तर मोजक्या दोन-तीन जातीच उरल्या. काहीही न दिलेले पट्टे जातींच्या बाबतीत सर्वांत श्रीमंत राहिले. हा पार्क ग्रास प्रयोग आजही चालू आहे. एकशे सत्तर वर्षे कोणीतरी बिनखताच्या पट्ट्यांना खत घालायचे नाही हा नियम पाळत आले, म्हणून आज बाकीच्या पट्ट्यांविषयी काही बोलता येते.

नेब्रास्कातला वकील

मात्र हे सगळे तुकडे प्रयोगासाठी मुद्दाम तयार केलेले किंवा निवडलेले होते. शेकडो मैल पसरलेल्या रानावर कोणती वनस्पती किती आहे, हे कसे सांगायचे? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत याचे उत्तर होते: अनुभवी नजरेने. जर्मन वनस्पतिभूगोलतज्ज्ञ ऑस्कर ड्रुडे याने त्यासाठी पायऱ्या ठरवून दिल्या होत्या. अमुक जात थव्याने आढळते, तमुक विपुल, ही विरळ, ती एकटदुकट. शास्त्रज्ञाने रान पालथे घालायचे आणि मनावर उमटलेल्या ठशानुसार शब्द लिहायचा.

अमेरिकेत नेब्रास्का विद्यापीठात चार्ल्स बेसी यांच्या हाताखाली तयार झालेले दोन तरुण, रॉस्को पाउंड आणि फ्रेडरिक क्लेमेन्ट्स, हीच पद्धत वापरून राज्यातल्या गवताळ प्रदेशाची नोंद करत होते. पाउंड लिंकन शहरात वकिली करता करता वनस्पतिशास्त्रात डॉक्टरेट मिळवत होता. पुढे तो हार्वर्डच्या कायदा विद्यालयाचा अधिष्ठाता झाला (१९१६ ते १९३६) आणि अमेरिकी कायदेविचारात त्याचे नाव मोठे झाले. पुरावा कशाला म्हणावे हा प्रश्न त्याला दोन्हीकडे पडत असणार.

या दोघांनी ५ मीटर बाजूचे चौरस आखून त्यांतली झाडे एकेक करून मोजायला सुरुवात केली, आणि मोजणीने नजरेचा निकाल उलटवला. उंच, रंगीत फुलांची झाडे लांबून दिसतात, म्हणून ती पुष्कळ आहेत असे वाटते. बारक्या पानांची, गवतात दडलेली झाडे पुष्कळ असूनही नजरेत भरत नाहीत. फुलोऱ्याच्या महिन्यात आलेला माणूस एक सांगतो, महिन्याने आलेला दुसरे. पाउंड आणि क्लेमेन्ट्स यांनी ही मोजणीची रीत १८९८ साली एका लेखातून मांडली. क्वाड्रॅटचा जन्म इथला मानला जातो.

एकेका चौरसात गुडघे टेकून हजारो रोपे मोजण्याचे हे काम कोणाला हौसेचे वाटणारे नव्हते. पण त्यामुळे एक गोष्ट पहिल्यांदाच शक्य झाली. एका माणसाने केलेली नोंद दुसरा तपासू शकत होता, आणि दोघांत फरक पडला तर कोणाची नजर अनुभवी यावर वाद घालण्याऐवजी पुन्हा मोजता येत होते.

घराणे वाढते

क्लेमेन्ट्सने १९०५ साली परिसरविज्ञानाच्या संशोधनपद्धतींवर पुस्तक लिहिले, त्यात क्वाड्रॅटचे पुरे घराणेच मांडले. फक्त मोजणीचा चौरस वेगळा, प्रत्येक झाडाची जागा आलेखकागदावर उतरवण्याचा वेगळा. खुंट्या ठोकून वर्षानुवर्षे राखायचा तो कायमचा चौरस. चौथा प्रकार सर्वांत धीट: चौरसातले सगळे उपटून जमीन उघडी करायची आणि आता काय, कोणत्या क्रमाने उगवते ते पाहत बसायचे. वनस्पतींचे अनुक्रमण आणि त्याच्या शेवटी येणारा चरम समुदाय हा क्लेमेन्ट्सचा गाजलेला सिद्धान्त अशाच निरीक्षणांतून आला. समुदाय हा एखाद्या सजीवासारखा जन्मतो, वाढतो, प्रौढ होतो असे त्याचे म्हणणे होते. त्याचाच देशबांधव हेन्री ग्लीसन याने तेच चौरस वापरून उलट सांगितले: प्रत्येक जात आपल्या गरजेप्रमाणे आणि बी जिथे पोहोचेल तिथे उगवते, आपण त्या योगायोगाला समुदाय म्हणतो. ग्लीसनचा १९२६चा लेख बरीच वर्षे दुर्लक्षित राहिला. पुढे विस्कॉन्सिनच्या जंगलांत जॉन कर्टिस आणि रॉबर्ट मॅकिंटॉश यांनी जातवार मोजणी केली, तेव्हा समुदायांच्या काटेकोर सीमा दिसल्या नाहीत; जाती हळूहळू एकमेकींत मिसळत गेलेल्या दिसल्या. १९५१च्या त्यांच्या लेखातला महत्त्व निर्देशांक आपल्याकडचे विद्यार्थी आजही काढतात. सापेक्ष घनता, सापेक्ष वारंवारिता आणि सापेक्ष प्रभाविता यांची बेरीज; सर्व जातींची मिळून ३००.

कायमच्या चौरसांची खरी किंमत कळली ती आपत्तीत. क्लेमेन्ट्सचा विद्यार्थी जॉन वीव्हर नेब्रास्कातल्या गवताळ रानाचा बारकाईने अभ्यास करत होता, त्याच काळात १९३४चा भीषण दुष्काळ आला. धुळीच्या वादळांचा तो काळ. गवत करपले हे सगळ्यांनाच दिसत होते. कोणते गवत मुळासकट गेले, त्याची जागा कोणी घेतली, हे वीव्हर आणि त्याचे सहकारी सांगू शकले, कारण दुष्काळापूर्वीच्या नोंदी त्यांच्यापाशी होत्या.

युरोपात घराण्याच्या दोन वेगळ्या शाखा फुटल्या. डेन्मार्कचा क्रिस्टन राउंकियर झाडे मोजायच्या भानगडीत पडला नाही. एक दशांश चौरस मीटरचे लहान वर्तुळ ठिकठिकाणी टाकायचे आणि अमुक जात आत आहे की नाही एवढेच लिहायचे. वारंवारितेचे अ ते इ हे पाच वर्ग त्याचेच. फ्रान्समधल्या मॉन्पेलिए येथे योसिआस ब्राउन-ब्लांके याने झाडाने जमिनीचा किती भाग झाकला याचा अंदाज १ ते ५ अशा श्रेणीत मांडण्याची रीत रूढ केली. ही शाखा थेट मुंबईला पोहोचली. मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक असलेले एफ. आर. भरुचा यांनी मॉन्पेलिएला ब्राउन-ब्लांकेकडे काम केले होते. दक्षिण फ्रान्सच्या खुरट्या झुडपी रानावरचा त्यांचा अभ्यास फ्रेंचमध्ये प्रसिद्ध झाला. परतल्यावर त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी पश्चिम भारतातल्या वनस्पतींकडे या दृष्टीने पाहिले. भरुचा आणि फरेरा यांनी १९४१ साली माथेरान-महाबळेश्वरच्या वनस्पतींची राउंकियरच्या जीवरूपांनुसार वर्गवारी केली. उत्तरेत बनारस हिंदू विद्यापीठात रामदेव मिश्र यांनी विद्यार्थ्यांच्या पिढ्या तयार केल्या. १९६८चे त्यांचे प्रात्यक्षिकांचे पुस्तक देशभर वापरले गेले.

तीन आकडे, तीन प्रश्न

जर्नलात जे तीन आकडे आपण एका दमात काढतो ते तीन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. समजा माळावर दहा चौकटी टाकल्या. टाकळ्याची २० रोपे सापडली, पण ती सगळी दोनच चौकटींत. हरळीचेही २० फुटवे सापडले, पण प्रत्येक चौकटीत दोन-दोन. दोन्हींची घनता सारखीच, दर चौकटीला २. वारंवारिता मात्र टाकळ्याची २० टक्के आणि हरळीची १०० टक्के. विपुलता काढताना जात ज्या चौकटींत सापडली तेवढ्याच धरायच्या, म्हणून टाकळ्याची १० येते आणि हरळीची २. घनता सांगते किती, वारंवारिता सांगते कुठे कुठे, विपुलता सांगते जिथे आहे तिथे किती दाटीने. फक्त घनता पाहणाऱ्याला या दोन वनस्पती सारख्याच वाटतील.

या आकड्यांवर चौकटीच्या आकाराचा परिणाम होतो, आणि प्रत्येकावर सारखा नाही. घनता दर चौरस मीटरला काढली, तर चौकट लहान-मोठी केल्याने ती सरासरीने बदलत नाही. वारंवारिता बदलते, चौकट मोठी केली की कोणतीही जात तिच्यात सापडण्याची शक्यता वाढते. म्हणून अर्ध्या मीटरच्या चौकटीतली वारंवारिता एक मीटरच्या चौकटीतल्या वारंवारितेशी ताडून पाहता येत नाही. जातींची संख्याही क्षेत्राबरोबर वाढते, पण आधी झपाट्याने आणि मग मंदावत. स्वीडनच्या ओलोफ अरेनियसने १९२१ साली हे नाते सूत्रात बांधले. योग्य आकार ठरवण्यासाठी लहान चौकटीपासून सुरुवात करून ती दुप्पट-दुप्पट वाढवत जायचे आणि नव्या जाती जवळजवळ सापडेनाशा झाल्या की थांबायचे, ही रीत त्यावरच उभी आहे.

शिताची अडचण

नमुना म्हटला की आपल्याला शितावरून भाताची परीक्षा आठवते. ती परीक्षा खरी ठरते, कारण पातेल्यातला भात एकाच पाण्यात, एकाच आचेवर शिजतो. माळ तसा नसतो. बांधालगत ओल असते, वाटेकडेला गुरांचे पाय पडलेले असतात, कातळावर माती बोटभर असते. शीत कुठून उचलले यावर इथे सगळे अवलंबून. पाउंड आणि क्लेमेन्ट्स यांनी मोजणी प्रामाणिक केली, पण चौरस कुठे आखायचा हे ते स्वतःच निवडत. ‘नमुनेदार’ जागा निवडायची म्हणजे माळ कसा आहे हे आधी ठरवून मग तेच मोजायचे.

ही गाठ सुटली ती शेतीत. १९२०च्या दशकात बिहार-ओरिसा प्रांतात जॉन हबॅक या आयसीएस अधिकाऱ्याने भाताचे उत्पादन अंदाजण्यासाठी शेतात यादृच्छिक जागी लहान तुकडे कापून पाहिले. यादृच्छिक म्हणजे कुठेही नव्हे. प्रत्येक जागेला निवडले जाण्याची सारखी संधी मिळेल अशा पद्धतीने, माणसाच्या मनाला वाव न ठेवता. रॉथॅमस्टेडला १९१९ साली रुजू झालेला रोनाल्ड फिशर हेच प्रयोगांविषयी सांगत होता. कोणत्या पट्ट्याला कोणते खत द्यायचे हे चिठ्ठ्या टाकून ठरवा, नाही तर चूक किती हे मोजायला आधारच उरत नाही. १९२५ आणि १९३५ सालच्या त्याच्या दोन पुस्तकांनी जगभरच्या प्रयोगशाळांत हा नियम नेला.

भारतात हे काम मोठ्या प्रमाणावर सुरू झाले, आणि चौकटीच्या आकारावरून एक लक्षात राहण्यासारखा वाद झाला. कोलकात्याला प्रशांतचंद्र महालनोबिस लहान तुकड्यांच्या बाजूचे होते: थोडक्या खर्चात पुष्कळ तुकडे कापता येतात. दिल्लीला भारतीय कृषी संशोधन परिषदेत पांडुरंग वासुदेव सुखात्मे होते. जन्म १९११, सातारा जिल्ह्यातले बुध हे गाव. फर्ग्युसन कॉलेजात शिक्षण, मग लंडनची डॉक्टरेट. सुखात्म्यांनी दाखवले की अगदी लहान तुकड्यांतून येणारे उत्पादन सातत्याने खऱ्याहून जास्त भरते. त्यांचे टिपण १९४६ साली ‘नेचर’मध्ये आले.

कारण काठावर दडलेले आहे. काठावरचे ताट आत की बाहेर अशी शंका आली की कापणाऱ्याचा हात आपसूक ते आत घेतो. चौकट जितकी लहान तितका तिच्या क्षेत्राच्या मानाने काठ जास्त. अर्ध्या मीटरच्या चौरसाला दर चौरस मीटरमागे ८ मीटर काठ असतो, एक मीटरच्या चौरसाला ४ मीटर, आणि ५ मीटरच्या चौरसाला अवघा ८० सेंटिमीटर. मोठ्या चौकटीत तीच चूक होते, पण ती विरून जाते. यावर विद्यार्थ्याला साधा उपाय आहे: डाव्या आणि वरच्या काठावर आलेली झाडे मोजायची, उजव्या आणि खालच्या काठावरची सोडायची. रक्तपेशी मोजणारा तंत्रज्ञ काचपट्टीवरच्या चौकोनांत असाच नियम पाळतो.

सुखात्मे पुढे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत रोमला गेले आणि निवृत्तीनंतर पुण्यात राहिले. त्यांच्या वादातून घडलेली रीत महाराष्ट्राच्या गावागावांत पीक कापणी प्रयोग या नावाने ओळखीची आहे. शेत यादृच्छिक आकड्यांवरून निवडायचे, शेताच्या कोपऱ्यापासून ठरलेली पावले आत जायचे आणि अनेक पिकांसाठी १० बाय ५ मीटरचा आयत आखून त्यातले पीक कापून, मळून तोलायचे. महसूल मंडळाचे सरासरी उत्पादन त्यावरून निघते आणि ते उंबरठा उत्पादनाखाली गेले तर विम्याची भरपाई मिळते. चौकट ठरल्या जागी न टाकता बांधावरून दिसणाऱ्या चांगल्या पिकात टाकली, तर मंडळातल्या सगळ्या शेतकऱ्यांचे नुकसान होते.

न काढलेले तारामासे

मोजणीने ‘किती’ कळते. ‘का’ कळण्यासाठी काहीतरी बदलून पाहावे लागते. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्याच्या किनाऱ्यावर रॉबर्ट पेन याने खडकाचा ८ मीटर लांब आणि २ मीटर उंच पट्टा निवडला आणि त्यावरचे तारामासे काढून समुद्रात फेकायला सुरुवात केली. शेजारच्या पट्ट्याला हात लावला नाही. तारामासे शिनाण्यांसारखे शिंपले खातात. खाणारा गेल्यावर शिंपल्यांनी खडक व्यापला आणि बाकीच्यांना जागा उरली नाही. पट्ट्यावरच्या जाती १५ वरून ८ वर आल्या. हे १९६६ साली प्रसिद्ध झाले. कळीची प्रजाती ही कल्पना यातूनच पुढे आली. तारामासे काढले नव्हते त्या पट्ट्यावर जाती कमी झाल्या नव्हत्या, म्हणून पेनला दोष हवामानाला किंवा लाटांना देता येत नव्हता.

भरतपूरच्या केवलादेव उद्यानात याची उलट बाजू दिसली. १९८२ साली तिथे गुरांच्या चराईवर संपूर्ण बंदी आली. गुरे पक्ष्यांना बाधक, हे गृहीतक सगळ्यांना इतके उघड वाटत होते की ते तपासायची गरज कोणाला वाटली नाही. म्हशी थांबल्या आणि पाण्यावर गवत माजले, उघडे पाणी आक्रसले, पाणपक्ष्यांना त्रास झाला. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने तिथे दशकभर अभ्यास केला होता. चरणाऱ्या म्हशी गवत आटोक्यात ठेवत होत्या, हे त्यातून स्पष्ट झाले. बंदी सगळ्या उद्यानावर एकदम घालण्याआधी काही तुकड्यांना कुंपण घालून पाहिले असते, तर ही गोष्ट फार स्वस्तात कळली असती.

नियंत्रण असले तरी पुनरावृत्तीचा प्रश्न उरतो. स्टुअर्ट हर्लबर्ट याने १९८४ साली १७६ प्रायोगिक अभ्यास तपासले. संख्याशास्त्रीय कसोट्या वापरणाऱ्या अभ्यासांपैकी ४८ टक्क्यांत एकच चूक होती: एका कुंपणाच्या आत दहा चौकटी टाकायच्या आणि दहा पुनरावृत्त्या झाल्या असे मानायचे. कुंपण एकच असेल तर पुनरावृत्ती एकच. आतल्या चौकटी कितीही वाढवा.

चौकट मात्र वाढतच गेली. पनामातल्या बारो कोलोराडो बेटावर १९८०च्या सुमारास स्टीफन हबेल आणि रॉबिन फॉस्टर यांनी ५० हेक्टरांची चौकट आखली आणि एक सेंटिमीटरहून जाड प्रत्येक खोडाला क्रमांक दिला. अशी २ लाखांहून अधिक खोडे भरली. भारतात १९८८ साली रामन सुकुमार आणि सहकाऱ्यांनी मुदुमलाईच्या जंगलात तशीच ५० हेक्टरांची चौकट सुरू केली. तिथली झाडे ठरावीक वर्षांनी पुन्हा मोजली जातात. वणवा, हत्ती आणि दुष्काळ यांचा हिशेब तीतून निघतो.

जर्नलातल्या चार ओळी

आपल्या माळावरच्या एक मीटर चौकटीतही हे सगळे आहे, पण प्रात्यक्षिकात त्यातली मोजणी तेवढी उरते. चौकट पाठमोरे उभे राहून खांद्यावरून भिरकावली की ती यादृच्छिक झाली, असा समज सर्वत्र आहे. तो चूक आहे. फेकणारा सावलीत उभा राहतो, करवंदीच्या जाळीकडे फेकत नाही आणि चौकट त्याच्यापासून चार-सहा पावलांवरच पडते. माळाच्या दोन कडांवर टेप पसरावी, कॅल्क्युलेटरवरून यादृच्छिक आकड्यांच्या जोड्या घ्याव्यात आणि त्या आकड्यांवर चौकट ठेवावी. काट्यात आली तर काट्यात. याला दहा मिनिटे जास्त लागतात.

विद्यार्थ्यांनी आणि त्यांना शिकवणाऱ्यांनी जर्नलात घनतेच्या तक्त्याच्या आधी चार ओळी लिहायची सवय लावून घ्यावी: चौकट केवढी होती आणि का, ती कुठे ठेवायची हे कशावरून ठरवले, काठावरच्या झाडांचे काय केले आणि तुलना कशाशी केली. या चार ओळी असतील तर पुढच्या वर्षीची तुकडी त्याच माळावर जाऊन आपले आकडे तुमच्या आकड्यांशी ताडून पाहू शकेल. त्या नसतील, तर तक्ता कितीही नीटनेटका असो, तो कोणालाही तपासता येणार नाही.